पहिल्या सहीचा मान

ट्रूरोहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि टॅमसिन नानकॅरो खेकड्यांच्या शेडमध्ये, उमेदवाराला अजिबात न शोभणाऱ्या रबरी बुटांत उभी होती. फोन हेडली पास्कोंनी घेतला. पास्को तिचे निवडणूक एजंट, पोर्थकेरोच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी दोनदा "असं?" म्हटलं, एकदा "खात्रीनं?" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि चष्मा पुसायला घेतला. मास्तर चष्मा पुसू लागले की आनंद लपवत असतात, हे टॅमसिनला तीस वर्षांच्या ओळखीत पाठ झालं होतं.

"बोला मास्तर. कोण मेलं?"

"कुणी नाही. तुझ्या भाचीचा, केरेन्साचा, अर्ज बाद झाला." मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. "आपला माणूस ट्रूरोच्या निवडणूक कचेरीत सगळ्यांचे कागद बघायला गेला होता. तिच्या हिरव्या पक्षाच्या कागदावर दहाच सह्या आहेत आणि त्यातली एक चालत नाही. त्या माणसानं आधी आपल्या कागदावर सही केली आहे. एका मतदारानं एकाच उमेदवाराला नाव द्यायचं, हा नियम. आपला कागद मंगळवारी पोचला, तिचा काल. म्हणजे तिच्याकडे नऊच उरल्या."

"कोण तो गाढव?"

मास्तरांनी फक्त लांब टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. तिथं लव्हडे नानकॅरो, वय वर्षं ब्याऐंशी, खेकड्याच्या नांगीतून पांढरं मांस एका झटक्यात बाहेर काढत होत्या. त्यांची मान वर झाली नाही.

"आई!"

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला."

आता नानकॅरोंच्या घरची रीत अशी, की घरातलं कुणीही कुठल्याही निवडणुकीला उभं राहिलं, की कागदावरची पहिली सही घरातल्या सर्वांत मोठ्या बाईची. टॅमसिनच्या वडिलांच्या, डिगरी नानकॅरोंच्या, आईनं ती पहिल्यांदा केली आणि साठ वर्षांपूर्वी ती लव्हडेबाईंकडे आली. डिगरी त्र्याण्णव... नव्हे, ब्याण्णव साली तीनशे अकरा मतांनी पडले, तेव्हाच्या कागदावरही पहिलं नाव बायकोचंच होतं. तीनशे अकरा हा आकडा टॅमसिनच्या मनात असा रुतून बसला होता की दुकानात तीन पौंड अकरा पेनी बिल झालं तरी तिला राग यायचा. ती स्वतः बापाच्याच पिवळ्या पक्षाकडून दोनदा लढली, दोनदा पडली. ही तिसरी वेळ होती आणि या वेळी नुसती जागा पणाला नव्हती. देश युरोपातून बाहेर पडायला निघाला होता, तो दरवाजा अडवायचा तर संसदेत एकेक माणूस हवा होता. आणि नेमक्या अशा वेळी भावाची मुलगी, सत्तावीस वर्षांची केरेन्सा, हिरव्यांकडून उभी राहिली होती. दोघी युरोपात राहायच्या बाजूच्या, दोघी नानकॅरो, दोघी एकमेकींची मतं खाणार आणि तिसरा, बाहेर पडायच्या बाजूच्या निळ्या पक्षाचा, आरामात निवडून येणार. पाच आठवडे आत्या-भाची एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"केरेन्सा रविवारी आली," लव्हडेबाई म्हणाल्या. "केशरी बन घेऊन आली, मलाच आवडतात तसे. म्हणाली, आजी, घरची रीत आहे, पहिली सही तुझी. मी केली."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी माझ्या कागदावर केली होतीस!"

"हो. तू बन आणले नव्हतेस, तरी केली."

टेबलाच्या पलीकडे खेकडे सोलणारी रोझित्सा खाली मान घालून हसली. रोझित्सा बल्गेरियाची. बारा वर्षं या शेडमध्ये होती आणि लव्हडेबाईंच्या खालोखाल वेगानं नांग्या फोडायची.

मास्तर पुढं वाकले. "टॅमसिन, मी सांगतो ते ऐक. मुदत आज चारची. नवा अर्ज भरायचा तर तिला दहा नव्या सह्या लागतील. आधीच्या नऊ त्या कागदाबरोबर बुडाल्या, तीच माणसं पुन्हा चालत नाहीत. ट्रूरो इथून पंचवीस मैल. आपण काही करायचं नाही. खोटं बोलायचं नाही, अडवायचं नाही. फक्त चहा प्यायचा. चार वाजले की तू एकटी."

टॅमसिनला क्षणभर बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली.

तेवढ्यात शेडचा सरकता दरवाजा धाडकन उघडला. केरेन्सा सायकल तशीच बाहेर टाकून आत आली. केसांतून पाणी गळत होतं. तिच्यामागून डेन्झिल आला, तिचा बाप, टॅमसिनचा थोरला भाऊ, हातात पाट्या. तो नुकताच बोटीवरून उतरला होता आणि घरातली भांडणं म्हणजे त्याला करमणूक.

"आत्या, तुला कळलंच असेल."

"कळलं."

"मग केक वगैरे कापलात की नाही?"

"केरेन्सा, नीट बोल."

"नीट? आजीनं माझा अर्ज बुडवला आणि मी नीट बोलू? आजी, तू चाळीस वर्षं निवडणुका चालवल्यास. तुला नियम माहीत नव्हता म्हणू नकोस. तू आत्यासाठी केलंस हे!"

"मी कुणासाठी केलं ते कुणी विचारलं तर सांगीन," लव्हडेबाई म्हणाल्या. "आधी दार लाव. खेकडे गार होतायत."

डेन्झिलनं दार लावलं. "छान चाललंय," तो म्हणाला. "युरोपात राहायची बाजू म्हणे एकजुटीची. तुमचं तुम्हालाच जमेना आणि सत्तावीस देशांबरोबर राहायला निघालात."

"तू गप रे," टॅमसिन म्हणाली. "तुझे खेकडे जातात कुठं? स्पेनला. उद्या सीमेवर कागदांसाठी लॉरी दोन दिवस उभी राहिली की जिवंत माल मेलेला पोचेल. तेव्हा ये हसायला."

"ते माझं मी बघीन. माझी 'बेसी जेन' याच किनाऱ्यावर करवतीनं चिरली होती, आठवतं? ताफा कमी करा, हा हुकूम कुठून आला होता? सव्वीस वर्षांचा होतो मी. तीच माझी पहिली बोट. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणाला स्पेन आठवला नव्हता."

टॅमसिनला तो दिवस आठवत होता. डेन्झिल त्या लाकडांपाशी संध्याकाळपर्यंत उभा होता आणि बाबांनाही त्याला घरी आणता आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या सार्वमतात त्यानं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं ते चिडून नाही, ते आठवून दिलं, हे तिला कळत होतं. कळूनही ती त्याच्याशी रोज भांडायची.

केरेन्सानं भिजलेलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. "माझ्याकडे कोरा कागद आहे. दहा माणसं हवीत. माझी सगळी माणसं कामावर आहेत, बोटी बाहेर आहेत. आणि या गावात उरलेल्या निम्म्या लोकांनी आत्याच्या कागदावर सह्या केल्यायत." तिचा आवाज जरासा फाटला. "मी तुझ्याकडे मागायला आलेली नाही, आत्या. आजीला जाब विचारायला आले होते."

"मग विचार की," लव्हडेबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुसले. हातातलं खेकड्याचं काम खाली ठेवून त्या बोलायला लागल्या, तेव्हा डेन्झिलनंसुद्धा पाटी खाली ठेवली. "नियम मला पाठ आहे. दोन कागदांवर सही केली की दुसरी वाया जाते. मला हेही ठाऊक होतं, की एकदा हे उघडं पडलं की माझं नाव या निवडणुकीत कुठल्याच नव्या कागदावर चालणार नाही. तरी केली. का? पाच आठवडे मी तुम्हा दोघींना सांगतेय, एकदा समोरासमोर बसा आणि ठरवा कोण लढणार. ही म्हणते मला वेळ नाही. ती म्हणते आत्यानं आधी फोन करावा. दोघींची नाकं डिगरीची, उंच. आता बसलात ना समोर? साठ वर्षांची सही घालवावी लागली मला त्यासाठी."

"आणि ठरलं नाही तर?" केरेन्सानं विचारलं.

"तर चार वाजता मास्तरांचा चहा जिंकेल."

मास्तरांचे कान लाल झाले. "लव्हडे, मी फक्त हिशोब सांगितला. गेल्या खेपेला आपण दोन हजार नऊशेंनी पडलो. हिरव्यांना चार हजार मतं होती. केरेन्सा नसली तर ती आपल्याकडे येतील."

"सगळी?" लव्हडेबाईंनी विचारलं, पण पाहिलं टॅमसिनकडे.

टॅमसिनची पिशवी भिंतीवरच्या खुंटीला टांगली होती. तिच्यात दहा दिवसांपासून एक जाड पुडकं होतं, जे तिनं कुणालाच दाखवलं नव्हतं. प्रचाराला दारोदार फिरताना प्रत्येक घरापुढं खूण करायची: आपला असेल तर टिक, विरोधातला असेल तर फुली, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. ही बाबांची शिकवण. खूण बदलायची ती त्या माणसानं काही केलं तर, आपल्याला आशा वाटली म्हणून नाही, हीसुद्धा त्यांचीच. टॅमसिननं या वेळी त्यात एक प्रश्न वाढवला होता. मी नसले तर कुणाला द्याल? आणि हिरव्यांच्या घरी: केरेन्सा नसली तर?

तिला ते पुडकं खुंटीवरच राहू द्यायचं होतं. अगदी आतून राहू द्यायचं होतं. बाबांचे तीनशे अकरा तिलाच फेडायचे होते, दुसऱ्या कुणाला नाही. पण समोर भाची भिजून उभी होती आणि तिनं मागितलंही नव्हतं. नानकॅरो मागत नाहीत. टॅमसिननंही कधी मागितलं नव्हतं. लबाडीनं मिळालेली जागा घेऊन बाबांच्या फोटोखाली कसं उभं राहायचं, हे तिला काही केल्या सुचेना.

तिनं पिशवी काढली आणि पुडकं मास्तरांपुढं टाकलं.

"वाचा. तुम्ही गणिताचे."

मास्तरांनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर त्यांनी बोट फिरवलं, दुसऱ्यावर फिरवलं, तिसऱ्यानंतर बोट थांबलं. "सहाशे घरं," ते हळू म्हणाले. "आपल्या दर सहा घरांतली पाच केरेन्साला द्यायला तयार. तिच्या दर सहांतली..." त्यांनी पुन्हा मोजलं. "तीनच आपल्याकडे."

"शब्द देऊनही आपल्या पक्षानं कॉलेजची फी वाढवली, ते पोरं अजून माफ करत नाहीत," टॅमसिन म्हणाली. "पुढचं पान बघा. धक्क्यावरची चाळीस घरं. बाहेर पडायच्या बाजूची, आपल्याला आजवर दारही न उघडणारी."

"बावीस टिका?"

"हिच्या. बर्फाचा कारखाना बंद होत होता तेव्हा ही तीन महिने कौन्सिलच्या मानगुटीवर बसली होती. ते म्हणतात, युरोपबिरोप आम्हाला पटत नाही, पण ती पोरगी कामाची. माझ्यासमोर म्हणतात! आणि वर मलाच चहा पाजतात."

केरेन्सा पानाकडे बघत राहिली. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"दहा दिवस."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. मूग गिळून बसले. तू बसली नसतीस?"

केरेन्सानं विचार केला. "बसले असते," ती म्हणाली. मग एकदम, "आत्या, तुझी पाच आठवडे फार आठवण आली ग," आणि रडू आवरायला तिनं उगाच एक नांगी उचलली.

टॅमसिननं ती तिच्या हातातून काढून घेतली, कारण पोरीला लहानपणापासून नांगी धड फोडता यायची नाही. "मी उभी राहिले तर आपण पडतो," ती म्हणाली. आवाज नीट आला आणि त्याचा तिला अभिमान वाटला. "तू उभी राहिलीस तर निदान झुंज होईल. मास्तर, मी माघार घेते. आणि उमेदवारानं माघार घेतली की त्याच्या कागदावर सही केलेली माणसं मोकळी होतात. होतात ना?"

मास्तरांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "होतात. नव्या कागदावर सही करू शकतात. पण क्रम महत्त्वाचा. आधी माघार कचेरीत द्यायची, मग अर्ज. उलटं झालं तर दोन्ही बुडाले."

"मग बसलात काय? फोन लावा."

पुढचे तीन तास शेडमध्ये जत्रा भरली. टॅमसिनला नाव देणारी माणसं एकेक करून आली. बेकरीवाल्या मेडलिन बहिणी पिठाच्या हातांनी आल्या आणि पिवळ्याचं हिरवं कसं झालं म्हणून आधी भांडल्या, मग सही केली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गिल्बर्ट आले आणि त्यांनी टॅमसिनचा हात हातात घेऊन नुसता दाबला. कुणी म्हणालं मूर्खपणा, कुणी म्हणालं बाप असता तर हेच करता. टॅमसिन प्रत्येकाला स्वतः समजावत होती, कारण ते दुसऱ्या कुणावर सोपवायला तिचं मन तयार नव्हतं. रोझित्सानं हात पुसत विचारलं, "मी करू?" आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही ना चालत माझी. बारा वर्षं कर भरते, पण नाही चालत." तिनं सगळ्यांना चहा केला आणि कागदावर डाग पडू नये म्हणून त्याच्याभोवती कोरडा टॉवेल अंथरला.

सगळे सही करताना पहिली ओळ सोडून देत होते. कुणी सांगायची गरज पडली नाही, गावाला रीत माहीत होती. पावणेतीनला लव्हडेबाईंनी कागद पुढं ओढला, त्या रिकाम्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि कागद टॅमसिनकडे सरकवला.

"घे. पहिली ओळ तुझी."

"आई, तू असताना..."

"माझं नाव चालत नाही, केरेन्साच्या बुडालेल्या कागदात अडकलंय. सांगितलं ना. घरातली पुढची मोठी बाई कोण? आणि रडायचं नाही, शाई पसरते."

टॅमसिन रडली नाही. तिनं बाकावर बसून, शाळेत काढायची तशी ठसठशीत अक्षरं काढून, भाचीच्या उमेदवारीखाली सूचक म्हणून आपलं नाव लिहिलं. आजवर तिनं स्वतःसाठी दोनदा अर्ज भरले होते, पण लिहिताना छाती अशी भरून आली नव्हती. लव्हडेबाईंनी सही वाचली. "'आर' अक्षर तुझ्या बापासारखं काढतेस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खेकड्यांकडे वळल्या.

मास्तरांनी मोजल्या. "नऊ."

"नऊ कशा?" टॅमसिननं विचारलं.

"आपल्या दहांतला विल्फ गुडघ्यासाठी दवाखान्यात आहे. आणि लव्हडे बाद. मी धरून आठ, टॅमसिन नऊ." त्यांनी मतदार यादी काखेत मारली. "पबमध्ये कुणीतरी असेल. पाच मिनिटांत आणतो."

"पाच मिनिटं नाहीत मास्तर. वाटेत ट्रॅक्टर लागला तर मेलो."

"मग काय करू?"

"इकडं आणा तो कागद," डेन्झिल म्हणाला.

सगळे वळले. तो दरवाजापाशी व्हॅनच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होता. इतका वेळ तो बाहेर जाऊन पाट्या चढवत होता, असं सगळ्यांना वाटलं होतं.

"बाबा, तुम्ही?" केरेन्सा म्हणाली. "तुम्ही तर..."

"मी मत देणार नाही. आधीच सांगतो. सही म्हणजे मत नव्हे. बाहेर पडायचं म्हणजे पडायचं, माझं तेच आहे." त्यानं पेन घेतलं, हात खेकड्याच्या पाण्यानं ओले, पेन घसरायला लागलं. "पण नानकॅरोंचा कागद एका नावावाचून परत येतो? आणि तेसुद्धा या शेडमधून? लोक मला धक्क्यावर उभं राहू देणार नाहीत."

त्यानं दहाव्या ओळीवर सही केली. वाकडी आली, पण आली. केरेन्सानं बापाला मिठी मारली तेव्हा तो म्हणाला, "सोड, माझं जाकीट ओलं आहे," आणि सोडलं मात्र नाही.

डेन्झिलची व्हॅन ट्रूरोला पोचली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. वाटेत ट्रॅक्टर लागलाच. कचेरीच्या खिडकीपलीकडची तरुण बाई आधी वासानं मागं सरकली. टॅमसिननं माघारीचा कागद दिला. साक्षीदार म्हणून मास्तरांची सही होती. बाईंनी वेळ लिहिली, शिक्का मारला. तो शिक्का टॅमसिनला आत कुठंतरी लागला. ती पाय रोवून उभी राहिली. मग केरेन्सानं आपला कागद पुढं केला. बाईंनी पहिलं नाव वाचलं आणि मान वर करून टॅमसिनकडे पाहिलं.

"तुम्हीच ना? आत्ताच माघार घेतलीत?"

"मीच," टॅमसिन म्हणाली. "पहिलं नाव माझंच आहे. नीट वाचा, ठळक काढलंय."

बाईंनी यादी काढून दहाही नावं तपासली. चार वाजायला बारा मिनिटं असताना शिक्का पडला.

बाहेर पाऊस थांबला नव्हता. व्हॅनच्या बॉनेटला टेकून डेन्झिल मांस भरलेली पेस्टी खात होता. केरेन्सा पायऱ्यांवर थांबली. सकाळचा सगळा आवेश उतरला होता आणि ती एकदम लहान दिसत होती. "आत्या, झालं तर खरं. आता काय करायचं?"

"आता? आता दारं. माझी सगळी पानं तुझी. मी तुझ्याबरोबर येईन, माझ्या लोकांना माझ्या तोंडून ऐकायला हवं. रोज तीन तास, बारा डिसेंबरच्या मतदानापर्यंत. आणि पहिलं दार तुझ्या बापाचं."

"माझं दार उघडं आहे," डेन्झिल तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "चहा मिळेल. मत नाही."

टॅमसिन व्हॅनमध्ये चढली आणि मांडीवर पुडकं उघडलं. धक्क्यावरच्या जुन्याच पानावर, डेन्झिलच्या सव्वीस नंबरच्या घरापुढं, तीन वर्षांपासून एक फुली होती. ती तिनं स्वतःच मारली होती, दाबून, कागद फाटेपर्यंत. तिनं खोडरबर काढलं. फुली पूर्ण जाईना, खाली वळ राहिलाच. त्या वळावर तिनं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पान भाचीच्या हातात दिलं.